‘मोस्ट’ या एका शब्दावर पारखलेले इंग्रजी कोश

इंग्रजीचा कोश निवडताना बरेच जण एखादा भारदस्त शब्द शोधून बघतात. ‘फोटोसिंथेसिस’ टाकला, ‘प्रकाशसंश्लेषण’ आलं, की कोश चांगला. पण अशा शब्दाला अर्थ एकच असतो आणि तो कुठलाही कोश बरोबरच देतो. कोशाचा कस लागतो तो रोजच्या, बारक्या शब्दांवर. ‘मोस्ट’ हा त्यातला पहिल्या रांगेतला. शाळेत ‘सुपरलेटिव्ह डिग्री’ म्हणून भेटलेला हा शब्द प्रत्यक्षात निदान पाच कामं करतो: सर्वांत, सर्वाधिक, बहुतेक, अत्यंत आणि ‘ॲट’ला जोडून फार तर. मराठीत या पाचही कामांना वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकच. म्हणून मराठी माणसाला कोणता कोश किती उपयोगाचा, हे या एका नोंदीवरून लख्ख दिसतं.

इथे चार मोफत इंग्रजी-इंग्रजी कोश पाहिले आहेत: ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज, लाँगमन आणि मेरियम-वेबस्टर. चारही वेबसाइटवर मिळतात, पैसे लागत नाहीत, जाहिराती मात्र सोसाव्या लागतात. सोबत फोनवरची इंग्रजी-मराठी ॲप आणि यंत्र-भाषांतर. या दोन्हींचा विचार एखाद्या विशिष्ट नावाचा म्हणून न करता एक प्रकार म्हणून केला आहे. आणि शेवटी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे जुने मराठी कोश, ज्यांचा इथे काय संबंध असं वाटेल, पण आहे.

ॲपपासून सुरुवात करू, कारण नव्वद टक्के शोध तिथेच संपतो असं म्हटलं तरी कुणी वाद घालणार नाही. ‘मोस्ट’ टाकल्यावर अशा ॲपमध्ये साधारण असं उत्तर येतं: सर्वांत, सर्वाधिक, बहुतेक, अत्यंत. चारही अर्थ बरोबर. घोटाळा त्यांच्यामधल्या स्वल्पविरामांत आहे. स्वल्पविरामाने जोडलेले शब्द वाचणाऱ्याला एकमेकांच्या जागी चालणारे वाटतात, आणि ते चालत नाहीत. किती चालत नाहीत ते मतमोजणीच्या उदाहरणावरून पाहा.

एका मतदारसंघात 1,00,000 वैध मतं पडली. चार उमेदवार: पहिल्याला 38,000, दुसऱ्याला 30,000, तिसऱ्याला 22,000, चौथ्याला 10,000. पहिल्याबद्दल ‘ही गॉट द मोस्ट व्होट्स’ हे खरं आहे, सर्वांत जास्त मतं त्यालाच आहेत. ‘ही गॉट मोस्ट ऑफ द व्होट्स’ हे साफ खोटं आहे, कारण 62,000 मतं इतरांना गेली. आपल्या लोकसभेच्या आणि विधानसभेच्या जागा पहिल्या अर्थाने जिंकल्या जातात, दुसऱ्या अर्थाने जिंकण्याची अट नाही. म्हणजे एक ‘द’ इकडचा तिकडे झाला आणि एक ‘ऑफ’ आला, की ‘सर्वाधिक मतं’चं ‘निम्म्याहून अधिक मतं’ होतं. निवडणुकीची इंग्रजी बातमी मराठीत आणताना हीच चूक होते आणि 38 टक्क्यांवर निवडून आलेल्याला बहुतेक मतं मिळाल्याचं छापून येतं. स्वल्पविरामाचा कोश इथे काहीही मदत करत नाही.

शिकणाऱ्यांसाठी केलेले कोश करतात. ऑक्सफर्डच्या या कोशाचं मूळच तसं आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते; त्यांचा कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने आणला. परक्या माणसाला शब्दाच्या अर्थाइतकाच त्याच्या मागेपुढे काय येतं हे कळायला हवं, ही जाण त्यात पहिल्यापासून आहे. ‘मोस्ट’च्या नोंदीत ‘संख्येने किंवा प्रमाणाने सर्वांत जास्त’ हा अर्थ आणि ‘निम्म्याहून अधिक, जवळजवळ सगळे’ हा अर्थ वेगवेगळ्या आकड्याखाली मिळतात, प्रत्येकाखाली वाक्यं असतात. पहिल्या अर्थाच्या वाक्यांत बहुधा ‘द’ दिसतो, दुसऱ्याच्या वाक्यांत दिसत नाही. ही वाक्यं वाचणं हाच कोश वापरण्याचा मुख्य भाग आहे. व्याख्या वाचून पान बंद केलं तर अर्धा कोश फुकट गेला.

ऑक्सफर्डमध्ये एक अडचण हमखास येते. तिथे ‘मोस्ट’च्या दोन स्वतंत्र नोंदी आहेत: एक ‘डिटर्मिनर’ (नामाआधी येऊन ते कोणतं, किती हे सांगणारा शब्द) आणि सर्वनाम म्हणून, दुसरी क्रियाविशेषण म्हणून. शोध दिल्यावर आधी पहिली उघडते. ‘मोस्ट ब्यूटिफुल’मधला ‘मोस्ट’ दुसरीत आहे. संगणकावर बाजूला इतर नोंदींची यादी दिसते, फोनवर त्यासाठी खाली सरकावं लागतं, आणि घाईत ती राहून जाते. मग माणूस म्हणतो, एवढ्या मोठ्या कोशात सुपरलेटिव्हच नाही. आहे, शेजारच्या दारी आहे.

लाँगमनची ताकद वेगळी. 1978 मध्ये पहिल्यांदा निघालेल्या या कोशाने व्याख्यांसाठी सुमारे 2,000 सोपे शब्द ठरवून घेतले आणि त्यांतच सगळं सांगायचा नेम केला. त्यामुळे ‘मोस्ट’ची व्याख्या वाचताना आणखी तीन शब्द शोधत बसावं लागत नाही. दुसरं म्हणजे शब्दाशेजारी वापराची खूण असते: एस 1 म्हणजे बोलण्यातल्या सर्वाधिक वापरातल्या पहिल्या हजार शब्दांपैकी, डब्ल्यू 1 म्हणजे लिहिण्यातल्या. ‘मोस्ट’ला दोन्ही खुणा आहेत. पण लाँगमन इथे वर ठरतो तो ‘असं म्हणू नका’ या सूचनांमुळे. काय बरोबर ते सगळेच सांगतात. काय चुकीचं ते सांगणारा कोश विद्यार्थ्याच्या जास्त कामाचा.

आणि ‘मोस्ट’मध्ये चुकायला वाव भरपूर आहे. सर्वसाधारण लोकांबद्दल बोलायचं तर ‘मोस्ट पीपल’, मध्ये काही नाही. ठरावीक गटाबद्दल बोलायचं तर ‘मोस्ट ऑफ द पीपल इन धिस बिल्डिंग’. ‘ऑफ’ आला की त्याच्यामागे ‘द’, ‘दीज’, ‘माय’ यांपैकी काहीतरी हवं किंवा ‘देम’, ‘अस’ असं सर्वनाम हवं. ‘मोस्ट ऑफ पीपल’ चूक. ‘बहुतेक लोक’ या अर्थाने ‘द मोस्ट पीपल’ तर चूकच. या चुका का होतात? आपण ‘लोकांपैकी बहुतेक’ असा विचार करतो, ‘पैकी’ची जागा ‘ऑफ’ घेतो, आणि मराठीत ‘द’ नावाची वस्तूच नसल्यामुळे तो गळतो. दुसरीकडे शाळेत ‘मोस्टच्या आधी द लावा’ हे इतकं घोकून घेतलेलं असतं, की जिथे नको तिथेही तो चिकटतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: गावाच्या, प्रदेशाच्या नावाआधी ‘मोस्ट ऑफ’ला ‘द’ लागत नाही. ‘मोस्ट ऑफ पुणे’, ‘मोस्ट ऑफ महाराष्ट्र’ हे बरोबर, कारण इथे एका सबंध गोष्टीचा बराचसा भाग सांगायचा आहे. क्रियापद मागच्या नामाप्रमाणे चालतं: ‘मोस्ट ऑफ द वॉटर इज’, ‘मोस्ट ऑफ द रोड्स आर’.

केंब्रिजमध्ये शब्दाच्या बऱ्याच अर्थांशेजारी ए 1 (सर्वांत सोपी) ते सी 2 (सर्वांत वरची) अशी पातळी दिलेली असते. शिक्षकाला याचा उपयोग फार. सुरुवातीच्या वर्गाला ‘सर्वांत’ आणि ‘बहुतेक’ हे दोनच अर्थ द्यायचे, ‘अत्यंत’चा अर्थ पुढे न्यायचा, हे त्या खुणांवरून ठरवता येतं. याच साइटवर व्याकरणाचा वेगळा विभाग आहे आणि त्यात ‘मोस्ट’वर स्वतंत्र पान आहे, कोशातली नोंद वाचून शंका राहिली तर थेट तिकडे जावं. केंब्रिजचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे भाषांतराच्या चौकोनात मराठीही आहे. तो पानाच्या तळाशी असतो आणि तिथे मिळतात ते मोजकेच शब्द, म्हणजे अडचण पुन्हा ॲपसारखीच. पण इथे फरक असा, की वर सगळी वाक्यं वाचून झालेली असतात. म्हणून क्रम उलटा करू नये: आधी इंग्रजी वाक्यं, मग तळाचा मराठी शब्द.

आता जो सापळा या चारही कोशांना दिसत नाही, त्याकडे वळू. ‘मी बहुतेक उद्या येईन.’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. त्याचं इंग्रजी महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऑफिसात ऐकायला मिळतं: ‘आय विल मोस्टली कम टुमॉरो.’ हे इंग्रजी नाही. आपल्या ‘बहुतेक’ला दोन अर्थ आहेत. ‘बहुतेक मुलं पास झाली’मध्ये तो संख्येचा आहे, ‘तो बहुतेक पास होईल’मध्ये तो शक्यतेचा आहे. वाक्यातली जागा आणि क्रियापदाचं रूप यांवरून आपल्याला कळतं कोणता ते. कधीकधी आपल्यालाही कळत नाही, ‘बहुतेक लोक आले असतील’ दोन्ही अंगांनी वाचता येतं. इंग्रजी ‘मोस्टली’ला शक्यतेचा अर्थच नाही. त्याचा अर्थ ‘बहुतांशी’ किंवा ‘बहुतेक वेळा’. ‘द हॉटेल इज मोस्टली एम्प्टी ऑन मंडेज’ ठीक. उद्या येण्याबद्दल मात्र ‘प्रॉबब्ली’ किंवा ‘मोस्ट लाइकली’ म्हणायला हवं. परदेशातल्या सहकाऱ्याला ‘आय विल मोस्टली फिनिश इट’ असं लिहिलं तर त्याला कळतं की काम बरंचसं होईल, थोडं राहील. लिहिणाऱ्याच्या मनात असतं की काम पूर्ण होण्याची दाट शक्यता आहे. मुदतीच्या कामात या दोन्हींत फार अंतर आहे.

जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या कोशाला आपल्या ‘बहुतेक’ची गोष्ट माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण इंग्रजी-मराठी म्हणवणाऱ्या ॲपने ही एक ओळ द्यायलाच हवी होती: ‘मोस्टली म्हणजे बहुधा नव्हे.’ एवढीच. मराठी माणूस नेमका कुठे घसरतो हे ओळखून तिथे दोरी बांधणारा कोश फोनवर सहज मिळत नाही, याची खंत वाटते. नुसते प्रतिशब्द वाढवून ती उणीव भरून निघणार नाही.

‘ऑलमोस्ट’चंही तसंच. ‘ऑलमोस्ट ऑल’ म्हणजे जवळजवळ सगळे, इथपर्यंत ॲप बरोबर चालतं. पण ‘आय ऑलमोस्ट फेल’ला (‘फॉल’चा भूतकाळ) ‘मी जवळजवळ पडलो’ लावलं की मराठी बिघडते. आपण म्हणतो ‘पडता पडता वाचलो’. इथे मराठीत शब्दाऐवजी सगळी क्रियापदाची ठेवणच बदलते, आणि ते एका प्रतिशब्दात बसवता येत नाही.

‘ॲट मोस्ट’कडे मात्र नीट लक्ष द्यायला हवं, कारण इथली चूक अंगाशी येऊ शकते. रूढ प्रतिशब्द ‘जास्तीत जास्त’. आता ही दोन वाक्यं पाहा: ‘जास्तीत जास्त लोकांनी शिबिराला यावं’ आणि ‘लिफ्टमध्ये जास्तीत जास्त 6 माणसं’. पहिल्यात जितके येतील तितके हवेत, दुसऱ्यात सहाच्या वर नकोत. एकाच शब्दाचे जवळजवळ उलट अर्थ. इंग्रजीत पहिलं ‘ॲज मेनी ॲज पॉसिबल’, दुसरं ‘ॲट मोस्ट’. पहिल्या वाक्याचं आपल्याकडे ‘मॅक्झिमम पीपल शुड कम’ असं होतं तेही याच गोंधळातून. आता हाच शब्द औषधाच्या माहितीपत्रकात घाला: ‘दिवसातून जास्तीत जास्त 3 गोळ्या घ्याव्यात.’ घाईत वाचणाऱ्या, आजारी माणसाला यात मर्यादा दिसेलच याची खात्री नाही. ‘घ्याव्यात’ने तर आग्रहच केल्यासारखा होतो. अशा ठिकाणी ‘मोस्ट’चा प्रतिशब्द शोधूच नये. वाक्य नकारात फिरवावं: ‘दिवसाला 3 पेक्षा जास्त गोळ्या घेऊ नयेत.’ बोलण्यात मात्र ‘फार तर’ आणि ‘फार फार तर’ यांना तोड नाही: ‘फार तर दहा मिनिटं लागतील.’ बऱ्याच ॲपमध्ये ‘फार तर’ सापडत नाही, ‘कमाल’ सापडतो. ‘कमाल’ सरकारी तक्त्यात शोभतो, तोंडी नाही.

‘अत्यंत’वाला अर्थ छोटा आहे पण छान आहे. ‘धिस इज द मोस्ट इंटरेस्टिंग लेक्चर’ म्हणजे सगळ्यांत रंजक व्याख्यान, तुलना आली. ‘धिस इज अ मोस्ट इंटरेस्टिंग लेक्चर’ म्हणजे फारच रंजक, तुलना नाही, सूर जरा शिष्टाचाराचा. आपल्याकडे रुजलेला ‘मोस्ट वेलकम’ याच घराण्यातला. चारही कोशांत हा अर्थ आहे आणि शिकणाऱ्यांच्या कोशांत तो औपचारिक असल्याची खूणही असते. ही खूण न बघता मित्राला ‘अ मोस्ट टेस्टी वडापाव’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ते एखाद्या मानपत्रातलं वाटेल.

यंत्र-भाषांतराची परीक्षा घ्यायची असेल तर हे वाक्य द्यावं: ‘मोस्ट एक्स्पीरियन्स्ड टीचर्स अग्री.’ याचा सरळ अर्थ ‘बहुतेक अनुभवी शिक्षकांना हे मान्य आहे’. ‘द’ लावून ‘द मोस्ट एक्स्पीरियन्स्ड टीचर्स अग्री’ केलं की ‘सर्वांत अनुभवी शिक्षकांना हे मान्य आहे’. दोन्ही वाक्यं एकामागून एक टाका. मराठी उत्तर दोन्ही वेळा सारखंच आलं, तर त्या साधनावर करारपत्र किंवा सर्वेक्षणाचा अहवाल सोपवू नये. बातमीचा सारांश, दुकानाची पाटी, एवढ्यापुरतं ठीक.

आता मूळ शाळेतला प्रश्न: ‘-ईएसटी’ कधी आणि ‘मोस्ट’ कधी. एका उच्चारखंडाच्या विशेषणाला प्रत्यय (टॉलेस्ट, चीपेस्ट), तीन किंवा अधिक खंडांच्या विशेषणाला ‘मोस्ट’ (एक्स्पेन्सिव्ह, इंटरेस्टिंग), इथवर वाद नाही. दोन खंडांचे शब्द त्रास देतात. शेवटी ‘वाय’ असेल तर प्रत्यय: हॅपिएस्ट, इझिएस्ट. बाकीच्यांना बहुधा ‘मोस्ट’: मोस्ट केअरफुल, मोस्ट मॉडर्न. काहींना दोन्ही चालतात: पोलाइट, सिम्पल, क्लेव्हर, नॅरो, कॉमन. आणि एका खंडाचे असूनही ‘मोस्ट’ मागणारे काही हट्टी शब्द आहेत: रिअल, राइट, राँग, फन, आणि बोअर्ड, टायर्ड यांसारखी क्रियापदावरून आलेली विशेषणं. पाठ करत बसण्याऐवजी कोशात ते विशेषण काढून शीर्षकाशेजारचा कंस बघावा. ऑक्सफर्डमध्ये ‘पोलाइट’ काढला तर प्रत्ययाची रूपं दिलेली असतात आणि ‘मोर पोलाइट, मोस्ट पोलाइट’ही रूढ असल्याची टीप असते. हा कंस न देणाऱ्या ॲपमधून निबंध लिहू नये.

सुपरलेटिव्हनंतर ‘इन’ की ‘ऑफ’, हीही मराठीमुळे पडणारी शंका. आपण दोन्हीकडे ‘त’ लावतो: वर्गात सगळ्यांत हुशार, तिघांत सगळ्यांत उंच. इंग्रजीत जागा किंवा गट असेल तर ‘इन’ (इन द क्लास, इन द वर्ल्ड), मोजलेली माणसं-वस्तू किंवा कालखंड असेल तर ‘ऑफ’ (ऑफ द थ्री, ऑफ माय लाइफ). इथे ‘फ्रॉम ऑल’ लावायची सवय मोडायला हवी. ‘वन ऑफ द मोस्ट’नंतर नाम अनेकवचनी: ‘वन ऑफ द मोस्ट क्राउडेड सिटीज’. आणि त्याचं मराठी करताना ‘सर्वांत गर्दीच्या शहरांपैकी एक’ लिहिण्यापेक्षा ‘फार गर्दीच्या मोजक्या शहरांत मुंबई येते’ असं लिहिलं तर ते मराठी वाटतं. वर्तमानपत्रांतला ‘पैकी एक’ इतका वाढला आहे, की हे मुद्दाम सांगावंसं वाटलं.

लेखनाचंही तसंच. ‘सर्वांत मोठा’ म्हणजे सर्वांमध्ये मोठा, ‘सर्व’चं अनेकवचनी सामान्यरूप, म्हणून अनुस्वार हवा. ‘सर्वात’ असं सरसकट छापणारं ॲप किंवा कोश मराठी बाजूला निष्काळजी आहे असं खुशाल समजावं. ही तपासणी दोन सेकंदांत होते.

मेरियम-वेबस्टर शिकणाऱ्यांचा कोश नाही, तो अमेरिकन वाचकांसाठी आहे, आणि ‘मोस्ट’ची नोंद तिथे बरीच तुकड्यांत आहे: विशेषण, क्रियाविशेषण, नाम, सर्वनाम, मग अमेरिकन बोलीतला ‘ऑलमोस्ट’चा आखूड ‘मोस्ट’ (‘मोस्ट एव्हरीवन’), आणि शेवटी ‘-मोस्ट’ हा प्रत्यय. नवख्याला हे ओझं वाटेल. पण शब्दाचं मूळ जाणून घ्यायचं तर इथेच यावं. जर्मन ‘माइस्ट’ हा ‘मोस्ट’चा सख्खा नातलग. त्याच्या शेवटचा ‘स्ट’ म्हणजे तोच जुना तमभावाचा (सुपरलेटिव्हचा) प्रत्यय, जो ‘स्वीटेस्ट’मध्ये आहे, आणि तोच संस्कृतात ‘इष्ठ’ होऊन श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ या शब्दांत बसला आहे. इंग्रजी ‘स्वीटेस्ट’ आणि संस्कृत ‘स्वादिष्ठ’ हे एका मुळाचे, एका घडणीचे शब्द आहेत. मराठीत त्यातलं ‘सर्वांत’ झिजून गेलं, ‘स्वादिष्ट’ म्हणजे नुसतं चविष्ट उरलं, आणि म्हणून आपण ‘सर्वांत स्वादिष्ट’ म्हणतो. ‘सर्वश्रेष्ठ’मध्येही तमभाव दोनदा आहे. तसं इंग्रजीतही घडलंय: ‘फोरमोस्ट’ हा शब्द मुळात ‘मोस्ट’ लावून झालेला नाही. जुन्या इंग्रजीतला ‘फॉर्मेस्ट’, ज्यात एका तमभावावर दुसरा चढला होता, तो पुढे ‘मोस्ट’च्या ओढीने ‘फोरमोस्ट’ झाला. आणि यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ आहे, इष्ठ आणि तम दोन्ही. तेव्हा दुहेरी तमभाव दिसला की लगेच अशुद्धाचा शिक्का मारू नये. आजच्या इंग्रजीत मात्र ‘मोस्ट टॉलेस्ट’ चूकच आहे, परीक्षेत गुण जातील.

उच्चारासाठी चारही साइटवर ध्वनी आहे. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमनमध्ये ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही, मेरियम-वेबस्टरमध्ये अमेरिकन. पण तिथे ‘मोस्ट’ एकटा ऐकू येतो, आणि बोलताना तो एकटा नसतो. ‘मोस्ट पीपल’मध्ये दोन व्यंजनांत अडकलेला ‘ट’ सहसा गळतो आणि कानावर ‘मोस पीपल’ पडतं. ‘मोस्ट ऑफ’मध्ये पुढे स्वर असल्यामुळे ‘ट’ टिकतो आणि ‘मोस्टव’सारखं ऐकू येतं. ऐकण्याच्या चाचणीत शब्द निसटतो तो इथे. म्हणून लाँगमनमध्ये उदाहरणाच्या वाक्यांनाही जिथे ध्वनी दिलेला आहे, तो ऐकावा.

शिकागोचे मराठी कोश कशाला, ते आता. त्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, वाढवलेली दुसरी 1857), वझे यांचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोश शोधता येतात, तेही मोफत. इंग्रजीकडून मराठीत येताना मिळालेला शब्द उलटा तपासायला हे उत्तम. ॲपने ‘बहुतेक’ दिला, तर ‘बहुतेक’ मोल्सवर्थमध्ये काढा. त्याखाली दिलेल्या इंग्रजी अर्थांत तुम्हाला हवा तो ‘मोस्ट’ बसतो का ते पाहा. मग बहुधा, बहुतांश, बहुसंख्य हे शेजारीही काढा. बहुसंख्य माणसांना लागतो, पाण्याला किंवा वेळेला लागत नाही; बहुतांश भागाला लागतो; बहुधा शक्यतेला. एवढा भेद कळला की इंग्रजी वाक्यात कोणता ‘मोस्ट’ आहे तेही आपोआप उकलतं. अडचण एकच: शोधाची चौकट जुन्या वळणाची आहे, शब्द मूळ रूपात टाकावा लागतो. ‘बहुतेकांना’ टाकलं तर हाती काही लागणार नाही.

दहावी-बारावीच्या मुलांना लाँगमन द्यावा, चुकांच्या सूचनांसाठी. शिकवणाऱ्यांनी केंब्रिज आणि ऑक्सफर्ड दोन्ही उघडे ठेवावेत, पातळी एकातून आणि वाक्यरचना दुसऱ्यातून घ्यावी. भाषांतर करणाऱ्यांना ऑक्सफर्ड आणि मोल्सवर्थ ही जोडी पुरते. शब्दांच्या कुळात रमणाऱ्यांनी मेरियम-वेबस्टर. फोनवरचं इंग्रजी-मराठी ॲप काढून टाकायची गरज नाही. त्याचा शब्द घ्यावा आणि वाक्य करण्याआधी वरच्यांपैकी एकात ती नोंद तळापर्यंत वाचावी, वाक्प्रचारांसकट, कारण ‘मेक द मोस्ट ऑफ’ (पुरेपूर फायदा करून घेणं) आणि ‘फॉर द मोस्ट पार्ट’ (बहुतांशी) ही मंडळी सहसा नोंदीच्या शेवटीच बसलेली असतात. चारही साइटना इंटरनेट लागतं. जिथे नेट जेमतेम आहे अशा शाळेत शिकणाऱ्यांच्या कोशाची एक जुनी छापील प्रत कपाटात असू द्यावी. ‘मोस्ट’ची नोंद गेल्या कित्येक वर्षांत फारशी बदललेली नाही, त्यामुळे आवृत्ती दोन मागची असली तरी या शब्दापुरतं काहीच अडत नाही.